कोई तळे: पहाटे मासे वर का येतात?

अंगणतळे

नमस्कार. पुण्यात सहकारनगरमधील आमच्या घरामागच्या अंगणात १० फूट लांब, ७ फूट रुंद आणि सुमारे ४ फूट खोल असे सिमेंटचे तळे असून त्यात नऊ कोई आहेत. थंडीत सर्व सुरळीत होते. महाशिवरात्रीनंतर ऊन चढू लागले तसे पाणी हिरवे होत गेले आणि आता वीतभर खोलीवरचा मासाही नीट दिसत नाही. त्याहून काळजीची गोष्ट अशी की, पहाटे सगळे मासे फिल्टरचे पाणी ज्या कोपऱ्यात पडते तिथे गोळा होतात आणि पृष्ठभागाशी तोंडे उघडमीट करत राहतात. ऊन आले की पांगतात, दुपारी तर खाद्यासाठी दंगा करतात.

दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आहे. माळीबुवांचे म्हणणे असे की, मोरचुदाची एक पुडी टाकली की शेवाळ आठवड्यात साफ होईल. बाटली आणि पुडी दोन्ही अजून फडताळातच आहेत. परदेशी संकेतस्थळांवर वसंतातील काळजीविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. परंतु पाणी १० अंशांच्या वर गेल्याशिवाय खाऊ घालू नका, हा त्यातील पहिलाच नियम आमच्या तळ्याला कसा लावावा ते कळत नाही, कारण भर जानेवारीतही आमचे पाणी १७ अंशांच्या खाली उतरले नव्हते. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनाहौद

सर्वप्रथम, मोरचुदाची पुडी माळीबुवांना परत द्या. झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते शोभते, माशांच्या पाण्यात नाही. मोरचुदातले तांबे माशांच्या कल्ल्यांना मारक असते आणि पाणी जितके मृदू तितकी त्याची बाधा अधिक. खडकवासल्याहून येणारे आपले पाणी मृदूच असते. समजा मासे वाचले, तरी एवढे शेवाळ एकदम मेले की ते कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेईल आणि पहाटेची तुमची अडचण दुपारीही दिसू लागेल.

निळे औषधही तळ्यात ओतू नये. ते मेथिलीन ब्लू असेल, तर फिल्टरमध्ये वसलेले उपयोगी जिवाणू त्याने मरतात. त्याची जागा वेगळ्या टबात, एखाद्या आजारी माशापुरती.

तुमच्या वर्णनावरून मला हा आजार वाटत नाही. आजारात एखाद-दुसरा मासा दिवसभर सुस्त राहतो, पर मिटून कोपरा धरतो, भिंतीला अंग घासतो. सगळेच्या सगळे मासे पहाटे वर येतात आणि ऊन आल्यावर आपोआप सावरतात, तेव्हा दोष पाण्याकडे असतो. आज संध्याकाळपासूनच एक एअर पंप जोडा. बाकीची चर्चा नंतर करता येईल.

कल्लेवाचक

मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी होतो, त्यामुळे थोडी भर घालतो. जुनाहौद यांच्याशी सहमत आहे. पण आकडे असल्याशिवाय पुढे जाऊ नये. अंगणतळे, आपण पहाटे सूर्योदयापूर्वी आणि दुपारी चारच्या सुमारास अशा दोन वेळी पाण्याचे तापमान आणि सामू (पीएच) मोजावा. त्याच दिवशी अमोनिया आणि कार्बोनेट काठिण्य, ज्याला मत्स्यपालक केएच म्हणतात, तेही तपासावे. थेंबांचा संच वापरावा. कागदी पट्ट्यांवर अमोनियाच्या बाबतीत माझा विश्वास नाही. एकाच वेळचे माप उपयोगाचे नाही, कारण हिरव्या तळ्याचे सकाळचे पाणी आणि दुपारचे पाणी ही जवळजवळ दोन वेगळी पाणी असतात.

अंगणतळे

एअर पंप कालच लावला. मोजमापे अशी आहेत. पहाटे: तापमान २२ अंश, सामू ७.२. दुपारी चार: तापमान २७ अंश, सामू ९. केएच ३. अमोनिया दोन्ही वेळी ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). संचाच्या तक्त्यावर ०.५ चा रंग फिकट हिरवा आहे, म्हणून फारसे घाबरलो नाही.

कल्लेवाचक

घाबरू नका, पण फिकट रंगावर विसंबूही नका. हे चार आकडे एकत्र वाचले, तर सगळा उलगडा होतो.

पाणी हिरवे दिसते ते तरंगत्या सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करते, पाण्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यामुळे सामू चढत जातो. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू सोडण्याऐवजी घेऊ लागते. मासे घेतात, तळाचा गाळ घेतो, फिल्टरमधले जिवाणूही घेतात. रात्रभर सगळ्यांची उचल चालू राहते आणि भर काहीच पडत नाही. म्हणून सूर्योदयापूर्वीचा तासभर सर्वांत वाईट. शिवाय पाणी तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ताकद कमी होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तो फरक धरला, तर २० अंशांच्या संपृक्त पाण्यात लिटरमागे साधारण ८.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ७. कोईंना किमान ५, आणि खरे तर ६ च्या वर हवा. म्हणजे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत हातात शिल्लक अगदी थोडी असते आणि माशांची भूक व श्वसन मात्र तापमानाबरोबर वाढत जाते.

आता अमोनिया. संच दाखवतो तो एकूण अमोनिया. त्यातील अमोनियम हा भाग बऱ्यापैकी निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया हा भाग विषारी. कोणता भाग किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. आपल्या पहाटेच्या आकड्यांना मुक्त अमोनिया एकूणच्या एक टक्काही नाही. दुपारी चारच्या आकड्यांना तो जवळजवळ ४० टक्के आहे, म्हणजे सुमारे ०.२ पीपीएम. दीर्घकाळ ०.०२ च्या वर असणेसुद्धा कल्ल्यांना चांगले नाही. थोडक्यात, पहाटे प्राणवायू कमी पडतो आणि दुपारी, मासे खाद्यासाठी दंगा करताना दिसत असले तरी, त्यांचे कल्ले पोळत असतात. तेच पोळलेले कल्ले पुढच्या पहाटे कमी प्राणवायूत काम करतात.

एवढा चढउतार होण्याचे मूळ केएच ३ मध्ये आहे. कार्बोनेटांचा साठा कमी असला की सामूला लगाम राहत नाही. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना हा साठा सतत खर्च करतात. दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम क्षारता, म्हणजे हाच साठा, संपते. थंडीत तुम्ही फक्त घटलेले पाणी भरले असेल, तर साठा आटत गेला असणार.

उपाय खायच्या सोड्याचा. १,००० लिटरला ३० ग्रॅम सोडा टाकला की केएच साधारण १ ने वाढतो. आपले तळे १० गुणिले ७ गुणिले ४, म्हणजे २८० घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, उतार आणि दगड वजा जाता ७,५०० लिटर धरू. केएच ६ करायचा, तर एकूण पाऊण किलोच्या आत सोडा लागेल.

जुनाहौद

हिशेब बरोबर आहे, क्रमाशी माझा मतभेद आहे. सोड्याने सामू ८.३ च्या आसपास ओढला जातो. पहाटे ७.२ असलेल्या पाण्यात एकदम पाऊण किलो टाकला, तर अर्धा पीपीएम अमोनिया असताना तुम्ही पहाटेचाही सामू वर नेला, म्हणजे माशांना जी काही तासांची सुटका मिळत होती तीही गेली. आधी पाणी बदला, अमोनिया खाली आणा आणि मगच सोडा, तोही रोज १०० ग्रॅमच्या आसपास, बादलीत विरघळवून, फिल्टरच्या धारेखाली.

तोवर खाद्य बंद. ठणठणीत कोई आठवडाभर उपाशी राहिल्याने काही होत नाही. घरातल्यांना वाईट वाटते, एवढेच.

कल्लेवाचक

क्रम मान्य. पाणीबदल आधी, सोडा नंतर.

शनिवारचीपेठ

विषयाला धरूनच विचारतो, राग नसावा. मार्च उजाडला की धरणातल्या साठ्याच्या बातम्या सुरू होतात, गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. अशा शहरात साडेसात हजार लिटरच्या तळ्याचे पाणी बदलत राहणे कितपत योग्य आहे?

अंगणतळे

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे तळ्यातून काढलेले पाणी गटारात जात नाही, ते आंबा, लिंबू आणि कुंड्यांना जाते. बागेला जे पाणी एरवी नळाने घातले असते तेच तळ्यातून फिरून जाते आणि त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून लाभते.

जुनाहौद

फक्त ज्या आठवड्यात माशांच्या उपचारासाठी तळ्यात मीठ टाकाल, त्या आठवड्यात ते पाणी बागेला घालू नका.

बोअरवाली

आम्ही बाणेरला राहतो आणि मार्चनंतर सोसायटीची मदार बोअरवर आणि टँकरवर असते, म्हणून पाण्याबद्दल थोडे लिहिते.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. पाणी पिंपात उघडे ठेवून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावला की क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जाते. घाई असेल, तर मत्स्यालयाच्या दुकानात हायपो मिळते, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १,००० लिटर पाण्यातल्या दर १ पीपीएम क्लोरीनसाठी सुमारे ७ ग्रॅम पुरते. पाणी बंद राहून पुन्हा सुरू होते, तेव्हा पहिले पाणी गढूळ येते. ते तळ्यात घेऊच नये. टँकरच्या पाण्याचा मात्र भरवसा नाही. कुठल्या विहिरीचे आहे ते चालकालाही ठाऊक नसते आणि कधी कधी टाकीतच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हात सैल सोडून टाकलेली असते. क्लोरीन तपासण्याचे थेंब स्वस्त मिळतात. परीक्षानळीत दोन थेंब टाकल्यावर पाणी गडद पिवळे झाले, तर ते पाणी त्या दिवशी तळ्याच्या जवळही आणू नये.

बोअरच्या पाण्याचे गणित उलटे आहे. काळ्या पाषाणातून आलेले ते पाणी जड असते, त्यामुळे केएच आपोआप सांभाळला जातो. पण जमिनीखालून आल्याने त्यात प्राणवायू अगदी कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. बोअरचा पाइप थेट तळ्यात सोडला, तर मासे धापा टाकू लागतात. आम्ही ते उंचावरून, छिद्रे पाडलेल्या ट्रेमधून पडू देतो. अंगणतळेकाका, तुमच्याकडे बोअर असेल, तर पाणीबदलाच्या वेळी निम्मे ते वापरून पाहा. कदाचित सोड्याची गरजच उरणार नाही.

अंगणतळे

ताई, आभारी आहे. बोअर शेजाऱ्यांकडे आहे आणि ते पाणी द्यायला तयार आहेत. उद्यापासून दर दोन दिवसांनी दहा टक्के पाणी बदलतो.

दोन प्रश्न आणखी. हिरवेपणा जाण्यासाठी काय करावे? आणि रंगपंचमीला नातवंडांची सगळी फौज अंगणातच असणार आहे, त्याचे काय?

जुनाहौद

रंगपंचमीचे उत्तर सोपे आहे. तळ्यावर ताडपत्री नको, हवा कोंडते. बारीक जाळी ताणा आणि त्यावर जुनी चादर तेवढ्या दोन तासांपुरती टाका. रंग खेळून झाल्यावर तळ्याच्या काठावर हातपाय धुऊ देऊ नका. बाजारू कोरड्या रंगांत काय असते ते विकणाराही सांगू शकत नाही. कुठली तरी बादली तळ्यात गेलीच, तर पंप चालू ठेवून चौथा हिस्सा पाणी बदला आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवा.

हिरवेपणासाठी तीन गोष्टी, आणि त्यांतली महत्त्वाची सावली. मार्चच्या उन्हात उघडे सिमेंटचे तळे हिरवे होणारच. निम्म्या भागावर, विशेषतः पश्चिमेकडून, ५० टक्क्यांचे शेडनेट ताणा. त्याने शेवाळाला लगाम बसतो, दुपारचे पाणी एक-दोन अंश थंड राहते आणि खंड्या व वंचक यांनाही सूर मारायला वाव राहत नाही. वंचक हा भलताच धीराचा पक्षी आहे. तो काठावर खांब होऊन उभा असतो आणि आपल्याला वाटते कुंडीच आहे.

दुसरी गोष्ट तळाचा गाळ. परदेशी लेखांत पानगळ शरदात येते. आपल्याकडे शिरीष, पिंपळ ही मंडळी माघ-फाल्गुनात पाने टाकतात आणि वरून आंब्याचा मोहोर झडत असतो. म्हणजे पाणी तापायला आणि कचरा पडायला एकच मुहूर्त. रोज संध्याकाळी जाळीने वरचा कचरा काढा, आठवड्यातून एकदा तळाचा गाळ नळीने ओढून घ्या. एकदम सगळा गाळ ढवळू नका.

तिसरी गोष्ट यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा. पाणी त्यातून हळू गेले तरच शेवाळाचा गोळा होतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. त्या दिवसांत फिल्टरचा स्पंज वारंवार धुवावा लागतो, मात्र नळाखाली नाही, तळ्यातूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. क्लोरीनच्या पाण्याने धुतलेला स्पंज दिसायला स्वच्छ आणि कामाला निकामी.

आणि रात्री पंप बंद करू नका. वीज वाचावी किंवा शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून पुष्कळ घरांत धबधबा दहा वाजता बंद होतो आणि नेमकी तीच वेळ त्याच्या गरजेची असते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा एअर पंप तरी इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. त्याला वीज फार लागत नाही.

मुळाकाठ

सावलीसाठी नदीतली जलपर्णी आणून टाकली तर चालेल का? फुकट आहे आणि नायट्रेटही खाते.

कल्लेवाचक

नदीतली आणू नये. तिच्या मुळांबरोबर गोगलगायी, अँकर वर्म व माशांच्या उवा हे परजीवी आणि नदीतले सांडपाणी असे सगळेच घरात येते. रोपवाटिकेतली स्वच्छ घेतली, तरी आधी वेगळ्या टबात काही दिवस ठेवावी. कोई मुळे कुरतडतात, म्हणून तरंगत्या जाळीच्या चौकटीत बांधून ठेवावी लागते. तळ्यात वाढली की उपटून कंपोस्टमध्ये टाकावी, ओढ्यात नाही.

बोअरवाली

याच दिवसांत लोक नवे मासे आणतात, म्हणून एक विनंती. कोई हर्पिस विषाणू साधारण १८ ते २८ अंशांच्या पाण्यात रोग करतो आणि पुण्याचा वसंत नेमका त्या पट्ट्यात बसतो. त्यावर औषध नाही. नवा मासा कितीही टवटवीत दिसला, तरी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत, वेगळ्या जाळीने, वेगळ्या बादलीने सांभाळावा. त्या टाकीचे पाणीही १८ अंशांच्या वरच असावे, नाहीतर रोग दडून राहतो.

शनिवारचीपेठ

खाद्याचे कुणीच नीट लिहिले नाही. पु. ल. देशपांडे उद्यानात तर लोक कुरमुऱ्यांपासून बिस्किटांपर्यंत काहीही टाकायला बघतात आणि तिथले मासे छान गुबगुबीत आहेत.

जुनाहौद

ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे आणि तिथे पाणी वाहते. अंगणातल्या बंद तळ्याला ती चैन परवडत नाही.

मूळ प्रश्नात विचारलेला १० अंशांचा नियम जपानच्या निइगातासारख्या बर्फाळ भागांसाठी आहे. तिथे मासे महिनोन्महिने जवळजवळ उपाशी असतात आणि वसंतात त्यांचे पचन हळूहळू जागे करावे लागते, म्हणून गव्हांकुराचे हलके खाद्य. आपले मासे झोपलेलेच नसतात. पाणी १७-१८ अंश असताना दिवसातून एकदा, २० च्या वर दोनदा आणि २४ च्या वर तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटांत संपेल एवढेच. मात्र माशांची भूक तापमानाबरोबर लगेच वाढते आणि फिल्टरची क्षमता मागून येते, म्हणून खाद्य दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. पहिले खाद्य ऊन वर आल्यावर, साडेनऊ-दहाच्या सुमारास. पहाटे प्राणवायू कमी असताना पोट भरणे माशाला जड जाते. पोळीचे तुकडे, भात, कुरमुरे नकोत, ते पाण्यातच कुजतात.

अंगणतळे

पाडव्याच्या आधीची खबर देतो. निम्मे बोअरचे आणि निम्मे नळाचे पाणी घालत गेलो, सोडा शेवटी अगदी थोडा लागला. केएच ५ झाला आहे, दुपारचा सामू ८.४ आणि अमोनिया ०.२५ पर्यंत उतरला आहे. शेडनेट लागले. पहाटे मासे आता कोपऱ्यात जमत नाहीत.

परंतु आज पहाटे वेगळाच गोंधळ दिसला. तीन-चार मासे मोठ्या मादीच्या मागे लागले होते, तिला भिंतीवर ढकलत होते, आणि नंतर पाण्यावर पांढरा फेस आला. मादीच्या कुशीवरचे दोन खवले निघाले आहेत.

कल्लेवाचक

अंडी घातली. पाणी २० अंशांच्या वर गेले आणि पाणीबदल झाला की वसंतात हे होतेच. फेस अंड्यांच्या आणि नराच्या वीर्यातील प्रथिनांचा आहे, म्हणून आज आणि उद्या पाणी बदला, एअर पंप पूर्ण जोरात ठेवा आणि अमोनिया रोज तपासा. खाद्य एक दिवस बंद. मादी फार दमली असेल, तर तिला सावलीतल्या टबात एअर स्टोनसह वेगळी ठेवा. तिच्या जखमेसाठी त्या टबात १,००० लिटरला ३ किलो या प्रमाणात, म्हणजे १०० लिटरच्या टबाला ३०० ग्रॅम, बिनआयोडिनचे खडे मीठ विरघळवून थोडे थोडे घालावे.

अंड्यांचे काय करायचे ते आजच ठरवा, कारण मोठे मासे ती खाऊन टाकतील. पिल्ले हवी असतील, तर चिकटलेली अंडी वेगळ्या टाकीत हलवा. आपल्या तापमानाला तीन-चार दिवसांत फुटतात. शेकड्यांनी पिल्ले निघाली आणि जागा नसेल, तर ती पाषाणच्या किंवा कात्रजच्या तलावात सोडू नका. कोई हा कार्पच आहे, तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि घरचा रोगही बरोबर नेतो.

अंगणतळे

जागा नाही, त्यामुळे अंडी माशांनाच खाऊ देतो. मादीला टबात हलवले, टबावर जाळी बांधली आहे. यूव्ही दिव्याची नळी जुनी आहे, पण निळा प्रकाश दिसतो. बदलायची का?

जुनाहौद

बदला. प्रकाश दिसत राहतो, पण शेवाळ मारणारे किरण साधारण वर्षभराच्या वापराने फार कमी होतात. नळी काढण्यापूर्वी प्लग काढा, काचेवरचा क्षारांचा पांढरा थर व्हिनेगरने पुसा आणि उघड्या दिव्याकडे पाहू नका. मादीला जखम भरेपर्यंत टबातच ठेवा आणि टबाचे रोज थोडे पाणी बदलताना तेवढे मीठ पुन्हा घाला.